सामाजिक विपणन आणि लोकांच्या सवयी : नाशिकमधील कार्यकर्त्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहरात आणि जिल्ह्यात स्वच्छता, आरोग्य, पाणी किंवा रस्तासुरक्षा या विषयांवर काम करणारी गणेश मंडळे, महिला बचत गट, शाळा, सोसायट्या आणि ग्रामपंचायती यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तेथेच मोहिमा बहुधा अडतात.

सामाजिक विपणन म्हणजे नेमके काय?

साबण किंवा चहा विकणारी कंपनी आपल्या ग्राहकाला ओळखण्यासाठी, त्याच्या अडचणी समजून घेण्यासाठी आणि माल त्याच्या हाताशी पोहोचवण्यासाठी जी पद्धत वापरते, तीच पद्धत नफ्याऐवजी लोकांच्या हिताच्या सवयी रुजवण्यासाठी वापरणे, म्हणजे सामाजिक विपणन. त्याच्या मुळाशी देवाणघेवाणीचा विचार आहे. माणूस जुनी सवय सोडतो तेव्हा तो काहीतरी देत असतो : वेळ, पैसा, सोय, कधी चारचौघांतली पत, तर कधी नुसता निवांतपणा. त्या बदल्यात त्याला स्वतःला हवेसे वाटणारे काय मिळणार आहे, या प्रश्नापासून कामाला सुरुवात करावी लागते. ‘समाजाचे भले होईल’ हे उत्तर बरोबर असले तरी सकाळी सात वाजता नळाला पाणी आलेले असताना, डबा भरायचा असताना आणि मुलाची रिक्षा दारात उभी असताना ते कोणाच्या मनात येत नाही. सवय मात्र नेमकी त्याच वेळी घडत किंवा मोडत असते.

व्हॉट्सॲप गटांवर संदेश आणि इन्स्टाग्रामवर रील टाकणे म्हणजे हेच का?

नाही. ती प्रसाराची साधने आहेत आणि प्रसार हा या कामाचा शेवटचा भाग आहे. एकही रील न करता उत्तम सामाजिक विपणन होऊ शकते. उलट शंभर रील करूनही ते झालेले नसू शकते.

ही पद्धत परदेशातून आली आहे का? आपल्याकडे तिचा अनुभव आहे का?

या पद्धतीला नाव आणि शास्त्रीय मांडणी मिळाली ती १९७१ साली, फिलिप कोटलर आणि जेराल्ड झाल्टमन या दोन अमेरिकी अभ्यासकांच्या लेखातून. भारतात मात्र ती त्याआधीच प्रत्यक्षात उतरली होती. कलकत्त्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत १९६४ साली एक प्रस्ताव तयार झाला : गर्भनिरोधाची साधने केवळ सरकारी दवाखान्यांतून वाटण्याऐवजी ती बाजारातून, अत्यल्प किमतीत विकावीत. त्यातून १९६८ साली ‘निरोध’ हा कंडोम बाजारात आला. तीन नगांची किंमत पंधरा पैसे होती. वितरणासाठी सरकारने नवी यंत्रणा उभी केली नाही. ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्तान लिव्हर, आयटीसी, टाटा ऑइल मिल्स आणि युनियन कार्बाइड यांची गावोगावी पोहोचलेली साखळीच वापरली. ज्या टपरीवर चहाची पुडी आणि बॅटरीचे सेल मिळत, तेथेच निरोधही मिळू लागला. डॉक्टरांसमोर संकोचाने उभे राहण्याची, नाव नोंदवण्याची आणि ओळखीच्या नर्सबाईंशी नजरानजर होण्याची ‘किंमत’ त्यामुळे एकदम उतरली. पंधरा पैशांची स्वस्ताई नव्हे, तर ही न दिसणारी किंमत कमी होणे, हे त्या योजनेचे खरे मर्म होते असे आम्हाला वाटते.

कुटुंबनियोजनाच्याच क्षेत्रात पुढे काय घडले, तेही लक्षात ठेवावे. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत नसबंदीची उद्दिष्टे ठरवून सक्ती झाली, लोकांचा विश्वास उडाला आणि १९७७ नंतर खात्याचे नावसुद्धा ‘कुटुंब नियोजन’ऐवजी ‘कुटुंब कल्याण’ असे करावे लागले. एका दशकाच्या आत, एकाच विषयात, एकाच देशात वापरलेल्या या दोन वाटा आहेत. आपल्या मोहिमेला कोणत्या वाटेने जायचे आहे, हे ठरवताना त्यांच्याइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणार नाही.

आम्ही प्रभागात फलक लावले, प्रभातफेरी काढली, पथनाट्य केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण ओला व सुका कचरा पूर्वीसारखाच एकत्र येतो. असे का?

कारण लोकांना माहिती नव्हती हे आपण गृहीत धरले होते, आणि ते बहुधा खरे नव्हते. घंटागाडी नाशिककरांच्या ओळखीची होऊन अनेक वर्षे झाली आहेत. कचऱ्याचे वर्गीकरण केंद्राच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी २०१६ सालीच बंधनकारक केले. केळीची साल ओल्यात आणि दुधाची पिशवी सुक्यात जाते, हे चौथीतले मूलही सांगते. माहिती आहे आणि वर्तन नाही, अशी स्थिती असेल तर आणखी माहिती देऊन काही हाती लागत नाही.

अशा वेळी स्वयंपाकघरात जाऊन पाहावे. दोन खोल्यांच्या घरात ओट्याखाली एकच बादली मावते, कारण उरलेल्या जागेत गॅसची टाकी असते. ओला कचरा रात्रभर उघडा राहिला तर मुंग्या होतात आणि चिलटे घोंघावतात, म्हणून घरातील बाई तो पिशवीत घालून गाठ मारते. आणि पिशवी बांधली की त्यात सुकेही जाते, कारण गाठ एकदाच मारायची असते. गाडी साडेनऊला येते, पण नवरा-बायको दोघेही सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेले असतात. मग ती पिशवी कोपऱ्यावरच्या डीपीजवळ जाते. यात कोणाचेही अज्ञान नाही. हे त्या घराने आपल्या परिस्थितीत काढलेले, त्यांच्यापुरते शहाणपणाचे उत्तर आहे, आणि आपली मोहीम त्याहून सोयीचे उत्तर देत नाही तोवर ते बदलण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट. दोन बादल्यांत वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र ओतला जाताना एखाद्या गृहिणीने एकदा जरी पाहिला, तरी ती सवय तेथेच संपते. ती स्वतः थांबते आणि जिन्यावर भेटणाऱ्या आणखी चौघींना सांगते. म्हणून सेवेतील अशी त्रुटी दूर होण्याची व्यवस्था होईपर्यंत प्रचार सुरूच करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. उशिरा सुरू झालेली मोहीम परवडते, पण एकदा फसवणूक झाल्याची भावना पसरली की तीच माणसे पुन्हा ऐकायला येत नाहीत.

‘चार घटक’ असे प्रशिक्षणात सांगतात. त्यांचा प्रत्यक्षात काय उपयोग?

उत्पादन, किंमत, ठिकाण आणि प्रसार हे ते चार घटक. यादी म्हणून ते कोरडे वाटतात. गोदावरीतील निर्माल्याचे उदाहरण घेतले की त्यांचा अर्थ उलगडतो.

पंचवटीच्या दिशेने जाणारा दुचाकीस्वार पुलावर वेग कमी करतो, हँडलला लटकवलेली प्लास्टिकची पिशवी काढतो, नमस्कार करतो आणि पिशवी खाली सोडतो. त्या पिशवीत आठवडाभराचे हार, विड्याची पाने, अगरबत्तीची राख, कधी तसबिरीची काचही असते. त्याला नदी घाण करायची नसते; देवाला वाहिलेले फूल कोणाच्या पायाखाली येऊ नये, एवढीच त्याची इच्छा असते, आणि कचऱ्याच्या गाडीत ते फूल भाजीच्या देठांबरोबर जाते हे त्याला सहन होत नाही. म्हणजे त्याला हवे असलेले ‘उत्पादन’ आहे मान राखून केलेले विसर्जन. ‘नदी प्रदूषित करू नका’ हा फलक त्याला असे काहीच देत नाही. तो फक्त काढून घेतो.

येथे किंमत पैशांत नाही. वाट वाकडी करावी लागणे, गाडी उभी करायला जागा नसणे आणि सर्वांत मोठी म्हणजे मनाला लागणारी चुटपुट, ही ती किंमत आहे. निर्माल्य कलश घाटाच्या खालच्या पायरीवर ठेवला, तर पुलावरच्या माणसाच्या दृष्टीने तो नसल्यातच जमा. तो पुलाच्या अलीकडे, डाव्या हाताला, गाडीवरून न उतरता पिशवी देता येईल अशा उंचीवर हवा. झाकलेला, स्वच्छ, आणि जवळपास कचराकुंडी नसलेला. ठिकाण या घटकाचा एवढाच अर्थ आहे आणि बहुतेक मोहिमा येथेच घसरतात, कारण कलश कोठे ठेवायचा हे तो ठेवणाऱ्याच्या सोयीने ठरते.

प्रसार यानंतर येतो. या निर्माल्याचे खत होते आणि ते झाडांना जाते, हे पालिकेच्या अधिकाऱ्यापेक्षा घरी सत्यनारायणाची पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी सांगितले तर अधिक पटते. पूजा संपल्यावर ‘निर्माल्य झाडाच्या मुळाशी घाला किंवा कलशात द्या’ हे वाक्य त्यांच्या तोंडून आले, तर ते विधीचाच भाग होते. त्यासाठी गुरुजींना आधी भेटावे लागते, त्यांचे आक्षेप ऐकावे लागतात आणि खताचा खड्डा दाखवायला न्यावे लागते. या कामाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही.

सवय निवडताना ती किती मोठी किंवा लहान असावी?

शक्य तितकी लहान. ‘प्लास्टिकमुक्त प्रभाग’ हे वर्तन नाही, ती घोषणा आहे. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तरी भाजीबाजारात काय दिसते ते आपण पाहतोच. याउलट ‘दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो पिशवीलाच लटकता राहू द्या’ ही सूचना पाहा. कापलेला तो बोटाच्या पेराएवढा तुकडा भंगारवालाही उचलत नाही आणि तो थेट गटारात जातो. पिशवी मात्र अखंड असेल तर धुऊन, वाळवून विकली जाते. येथे कोणी, केव्हा, काय करायचे हे स्पष्ट आहे, त्याला पैसा लागत नाही, आणि केले की नाही हे रद्दीच्या दुकानात मोजताही येते.

संशोधनासाठी आमच्याकडे पैसा नाही आणि तज्ज्ञही नाहीत. मग काय करावे?

मोठ्या सर्वेक्षणाची गरज नसते. ज्यांची सवय बदलायची आहे अशा दहा-बारा जणांशी त्यांच्याच घरी, त्यांच्या सोयीच्या वेळी निवांत बोलणे पुरते. मात्र ते बोलणे भाषणात बदलू देऊ नये. ‘तुम्ही हात धुता का?’ असा प्रश्न विचारला की उत्तर ‘हो’ असेच येते. ‘काल संध्याकाळी स्वयंपाकाला लागण्याआधी काय काय केले, ते क्रमाने सांगा’ असे विचारले की साबण कोठे ठेवलेला असतो, पाणी कोण भरून ठेवते, मूल कोठे असते, हे सारे आपोआप समोर येते. त्याहून चांगले म्हणजे पाहणे. कोपऱ्यावर सकाळी दोन तास उभे राहून कोण, कोणत्या वेळी, कशातून कचरा आणून टाकतो, याची वहीत नोंद केली तर ती छापील प्रश्नावलीपेक्षा अधिक सांगते.

जे लोक ती चांगली सवय आधीपासूनच पाळतात, त्यांना आवर्जून भेटावे. त्याच चाळीत, तेवढ्याच पगारात, तेवढ्याच अडचणीत एखादे घर कचरा वेगळा ठेवत असेल, तर त्यांनी काहीतरी युक्ती शोधलेली असते : बादलीच्या तळाशी वर्तमानपत्राची घडी, सुक्या कचऱ्यासाठी दाराच्या खिळ्याला टांगलेली गोणी, सकाळची गाडी सांभाळायला शेजारच्या आजी. ही युक्ती त्या वस्तीतूनच आलेली असल्यामुळे ‘आम्हाला जमणार नाही’ असे कोणी म्हणत नाही.

संपूर्ण जिल्ह्यासाठी एकच मोहीम करावी का? खर्च वाचतो.

वाचलेला खर्च वायाच जातो. नाशिक जिल्हा एकसारखा नाही. गंगापूर रोडवरील सोसायटी, सिडकोतील बैठी घरे, मालेगावची यंत्रमाग वस्ती, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा आणि सुरगाण्याचे पाडे यांना एकच पत्रक देऊन चालत नाही.

सुरगाणा, पेठ या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या कामासाठी निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडे उतरतात आणि होळीच्या सुमारास परततात. जानेवारीत पाड्यावर पोषणाची मोहीम घेतली, तर सभेला म्हातारीकोतारी माणसेच भेटतात. लहान मूल असलेली आई त्या वेळी बागेच्या कडेला झोपडीत असते. तीच मोहीम एकतर बागेत न्यावी किंवा होळीच्या आठवड्यात पाड्यावर घ्यावी. मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात, म्हणून बाप घरी असण्याचा दिवस तोच. २०२२ च्या अखेरीस गोवराची साथ आली तेव्हा मालेगावचेही नाव बातम्यांत होते. अशा ठिकाणी लसीकरण कमी असल्याचे खापर ‘गैरसमज’ या एका शब्दावर फोडणे सोपे असते. परंतु लस घेतल्यावर मुलाला ताप आला तर रात्रभर कोण जागणार, दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडाली तर काय, घरातील निर्णय सासूचा की नवऱ्याचा, हे विचारल्याशिवाय तो शब्द वापरू नये. भाषेचेही तसेच आहे. बागलाणात अहिराणी, मालेगावात उर्दू आणि पाड्यांवर कोकणा बोली ज्या सहजतेने घरात शिरते, तशी आपली पुस्तकी मराठी शिरत नाही.

भीती किंवा लाज वाटेल असे संदेश द्यावेत का? त्यांचा परिणाम लवकर होतो असे म्हणतात.

लवकर होतो आणि लवकर ओसरतो. हागणदारीमुक्तीच्या काळात महाराष्ट्रात पहाटे शिट्ट्या वाजवत फिरणारी ‘गुड मॉर्निंग पथके’ अनेकांनी पाहिली आहेत. पथकाला चुकवायचे झाले तर माणूस वेळ आणि जागा बदलतो. घरी पाणी नसलेल्या बाईची मात्र पहाट अधिक अवघड होते. भीती दाखवायचीच असेल तर सुटकेचा मार्ग त्याच श्वासात, सोपा आणि जवळचा दाखवता आला पाहिजे. तसे नसेल तर माणूस संदेशाकडेच पाठ फिरवतो.

लाजेच्या संदेशात आणखी एक धोका दडलेला असतो. अमेरिकेत ॲरिझोना येथील पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. ‘अनेक पर्यटक येथील अश्मीभूत लाकूड उचलून नेतात, त्यामुळे उद्यानाचे रूप बदलत आहे’ अशा आशयाचा फलक लावला, तेव्हा चोरी वाढली. ‘कृपया लाकूड उचलू नका’ एवढेच सांगणारा फलक अधिक परिणामकारक ठरला. ‘सगळेच नेतात’ हे ऐकल्यावर ‘मग आपणही नेले तर काय बिघडले’ असे मनाने घेतले. ‘नाशिककरांनो, किती घाण करता!’ या धर्तीचे फलक नेमके हेच करतात. त्याऐवजी ‘या गल्लीतील चाळीसपैकी सव्वीस घरे ओला कचरा वेगळा देतात’ असे लिहावे. अर्थात तो आकडा खरा आणि ताजा असेल तरच.

मुलांच्या आणि कुटुंबाच्या संदर्भातील भावना मात्र आरोग्याच्या उपदेशापेक्षा पुष्कळ पुढे नेतात. आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात ‘सुपरअम्मा’ नावाची हात धुण्याची मोहीम झाली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. जंतूंची चित्रे आणि अतिसाराचे आकडे यांच्याऐवजी मुलाला नीट वळण लावणारी आई आणि किळस आणणारा अस्वच्छ माणूस यांच्याभोवती ती गुंफली होती. सहा महिन्यांनी मोहीम झालेल्या गावांत आवश्यक प्रसंगी साबणाने हात धुण्याचे प्रमाण ३७ टक्के आढळले, तर मोहीम न झालेल्या गावांत ते ६ टक्के होते. सदतीस हा आकडा कमी वाटत असेल, तर सुरुवात जवळजवळ शून्यातून झाली होती हे ध्यानात घ्यावे.

एवढे सगळे करण्यापेक्षा दंड लावला तर?

कायद्याला पर्याय नाही आणि सामाजिक विपणन तसा दावाही करत नाही. परंतु दंड पाहणाऱ्याच्या नजरेपुरता चालतो. नाशिक शहरात पोलिसांनी १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही’ ही मोहीम सुरू केली. अशा नियमाने पंपावर हेल्मेट दिसते. कॉलेज रोडवरून घरी जाताना ते डोक्यावर राहील की आरशावर लटकेल, हे त्याने ठरत नाही. ते ठरते हेल्मेट उन्हात किती तापते, केस किती विस्कटतात, गाडी लावल्यावर ते कोठे ठेवायचे, आणि मित्र हसतात की नाही, यावर. पार्किंगजवळ कुलूप लावता येईल अशी हेल्मेटची जागा करून देणारे महाविद्यालय दंडाच्या पावतीला मोठीच मदत करत असते. लोकांचा बहुतांश भाग बदललेला असेल आणि उरलेल्या थोड्यांमुळे सर्वांचे नुकसान होत असेल, तेव्हा दंड न्याय्य वाटतो. त्याआधी तो वसुली वाटतो.

बक्षिसे ठेवावीत का?

ठेवावीत, पण जपून. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने राज्यभरातील गावांमध्ये चुरस निर्माण केली आणि श्रमदानाला पुन्हा प्रतिष्ठा दिली. चुरशीची अडचण अशी की समिती येऊन गेली की झाडू कोपऱ्यात जातो. बक्षीस एखाद्या दिवसाच्या देखाव्याला न देता, न सांगता केलेल्या पाहणीत टिकलेल्या सवयीला द्यावे.

वस्तू किंवा सेवा फुकट दिली तर लोक ती लवकर स्वीकारतील ना?

काही ठिकाणी फुकटच द्यावी लागते. मुलांची लस हे त्याचे उदाहरण, आणि तेथे वाद घालू नये. इतर वेळी थोडी किंमत ठेवण्याचा फायदा असा की घेणारा ती वस्तू वापरतो आणि नीट मिळाली नाही तर तक्रार करतो. कापडी पिशव्या फुकट वाटल्या की त्या घडी घालून कपाटात जातात.

आपल्या जिल्ह्यातील वाघाडचा अनुभव येथे मोलाचा आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात कालव्याच्या शेवटच्या टोकाला, ओझर परिसरात, पाणी पोहोचत नव्हते. समाज परिवर्तन केंद्र या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने तेथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणीवापर संस्था स्थापन झाल्या आणि पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांनी हाती घेतले. पाणी मोजून घ्यायचे आणि मोजले तेवढ्याचे पैसे भरायचे, ही शिस्त शेतकऱ्यांनी पत्करली, कारण बदल्यात त्यांना पाण्याच्या पाळीची खात्री मिळाली. ‘पाणी वाचवा’ हा उपदेश त्यात कोठेच नव्हता. हाती आलेले पाणी आपले आहे आणि ते पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचे आहे, एवढा हिशेब होता. महाराष्ट्रात सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा २००५ साली झाला. वाघाड त्याच्या कितीतरी आधीचे आहे.

मोहीम यशस्वी झाली हे कसे ओळखावे?

किती पत्रके वाटली आणि सभेला किती जण आले, हा आपल्या कामाचा हिशेब झाला. बदलाचा हिशेब वेगळा. तो सुरुवातीआधी एकदा घ्यावा लागतो. नाहीतर शेवटी तुलना कशाशी करणार? निर्माल्याचे असेल तर कलशातील वजन आणि त्याच तासात पुलावरून पडलेल्या पिशव्या, दोन्ही मोजाव्यात, कारण सणावाराला फुलेच जास्त असतात आणि केवळ कलश भरला म्हणून नदी वाचली असे होत नाही. शक्य असेल तर जेथे मोहीम केलेली नाही, असा दुसरा प्रभागही त्याच दिवशी पाहावा. लोकांच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये. ते खोटे बोलतात असे नाही. पाहुण्याला बरे वाटेल असे उत्तर देण्याची आपल्याकडे रीत आहे.

बदलाला किती काळ लागतो?

सवयीवर अवलंबून आहे. एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकाने १९६२ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार कोणतीही नवी गोष्ट आधी अगदी मोजके धाडसी लोक उचलतात, त्यांच्यामागून साधारण साडेतेरा टक्क्यांचा एक गट येतो, आणि बाकीचा समाज या दुसऱ्या गटाकडे पाहून ठरवतो. द्राक्षबागायतदारांना हे वेगळे सांगायला नको. नवे औषध असो वा नवी छाटणी, शिवारफेरीत शेजाऱ्याचा प्लॉट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणी हात घालत नाही. म्हणून पहिल्या वर्षी सर्वांच्या मागे धावू नये. ज्यांच्याकडे इतर जण पाहतात, त्या घरांवर लक्ष द्यावे. ती बहुधा सरपंचाची किंवा नगरसेवकाची नसतात. अंगणवाडी सेविका, पिठाच्या गिरणीवाले, भिशी चालवणाऱ्या काकू, तालमीचे वस्ताद अशी ती माणसे असतात.

लोकांना न कळत त्यांचे वागणे बदलणे हे योग्य आहे का?

न कळत बदलणे योग्य नाही, आणि या पद्धतीत तशी गरजही नाही. मोहिमेमागे कोण आहे, पैसा कोणाचा आहे आणि हेतू काय आहे, हे विचारणाऱ्याला स्पष्ट सांगता आले पाहिजे. एखादी कंपनी आपले नाव पुढे करण्यासाठी मदत देऊ करत असेल, तर तिचा माल त्या सवयीच्या आड येत नाही ना, हे पाहून घ्यावे. आमची एक साधी कसोटी आहे : ज्यांच्यासाठी मोहीम आहे, त्यांच्यापैकी चार जणांना पूर्ण आराखडा वाचून दाखवता येईल का? वाचताना एखादा परिच्छेद गाळावासा वाटला, तर तो आराखड्यातूनच गाळावा.

२०२७ च्या सिंहस्थात लाखो भाविक येतील. एका दिवसासाठी आलेल्या माणसाची सवय कशी बदलणार?

त्याची सवय बदलण्याचा प्रयत्न करू नये. तेवढा वेळच नसतो. येथे ठिकाण हा घटक जवळजवळ सर्व काम करतो. रामकुंडाकडे किंवा त्र्यंबकेश्वरी कुशावर्ताकडे निघालेला माणूस रांगेबरोबर पुढे सरकतो, थांबून वाचत नाही, आणि पुष्कळदा मराठीही वाचत नाही. बाटली टाकायची जागा, शौचालयाची दिशा आणि पादत्राणे ठेवण्याची सोय त्याच्या चालण्याच्या ओघात, डोक्याच्या वरच्या उंचीवर, चित्राने दाखवलेली असावी. घाटावर साबण लावून स्नान करणाऱ्याला अडवण्यापेक्षा साबणाची वडी विकणारा फेरीवाला घाटाच्या किती आधी थांबेल, हे ठरवणे अधिक उपयोगाचे.

ज्यांच्या सवयींवर आतापासून काम करता येईल, ते मात्र आपल्याच गावात आहेत : हारफुले प्लास्टिकच्या पिशवीत घालून देणारे विक्रेते, यात्रेकरूंना उतरवून घेणाऱ्या धर्मशाळा, रिक्षाचालक, क्षौर आणि पूजेची व्यवस्था लावणारे पुरोहित. भाविक त्यांचेच ऐकतात. फुलवाल्याने पिशवीऐवजी पळसाच्या पानांचा द्रोण द्यावा असे वाटत असेल, तर द्रोण त्याला पिशवीच्या भावात, पहाटे चार वाजता, त्याच्या दुकानाच्या फळीवर मिळतील अशी व्यवस्था आधी करावी. पेठ आणि हरसूल भागातील बचत गटांशी त्याबाबतचे बोलणे यंदाच्या पावसाळ्याआधी सुरू करावे, कारण पाने तोडणे, वाळवणे आणि साठवणे हे ऋतूवर चालणारे काम आहे.